पाचोरा ते जळगाव अप-डाऊन : पहिला पास काढण्याआधी हे वाचा

नोकरी जळगावात लागली आणि घर पाचोऱ्यातच ठेवायचं ठरलं की पहिला विषय गाडीचा निघतो. मी बारा वर्षं हे अप-डाऊन करते आहे. सुरुवातीला मला नीट सांगणारं कुणी नव्हतं. जो तो म्हणायचा, "पास काढायचा आणि बसायचं गाडीत, त्यात काय एवढं?" त्यात बरंच काही असतं. ते मला पहिल्याच महिन्यात दंड भरून आणि अर्धी रात्र मनमाडच्या फलाटावर काढून कळलं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी जळगावला कामाला लागली, तिला मी वहीच्या दोन पानांवर सगळं लिहून दिलं. तेच इथे जरा सविस्तर लिहिते. चाळीसगाव, भुसावळ, अमळनेर, धरणगावकडून जळगावला येणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी आपली लाइन ओळखा

मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी ती 'अप' आणि मुंबईहून येणारी ती 'डाऊन'. म्हणजे पाचोऱ्याची माणसं सकाळी डाऊनने जातात आणि संध्याकाळी अपने घरी येतात. भुसावळवाल्यांचं नेमकं उलट. फलाटावर "अप लाइन बंद आहे" असं कानावर आलं की नवीन माणूस घाबरतो. सकाळची वेळ असेल तर आपलं त्यात काही अडत नाही, संध्याकाळचं मात्र बघावं लागतं.

पाचोऱ्याहून निघाल्यावर परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली आणि मग जळगाव. अंतर साधारण ४७ किलोमीटर. ॲपवर शोधताना लागणारे कोड पाठ करून ठेवा: पाचोरा पीसी, जळगाव जेएल, चाळीसगाव सीएसएन, भुसावळ बीएसएल, अमळनेर एएन, धुळे डीएचआय.

आता थोडा इतिहास सांगते, कारण रोजच्या उशिराचं मूळ त्यातच आहे. ही लाइन जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या इंग्रजांच्या काळातल्या रेल्वे कंपनीने १८६० च्या दशकात टाकली. १८६५ मध्ये कसाऱ्याचा थळ घाट खुला झाला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले आणि १८७० मध्ये भुसावळ, खंडवा, जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. म्हणजे आपल्या दारातून जाते ती देशाची मोठी वाट आहे. मुंबईच्या लोकलसारखी रोजच्या नोकरदारांसाठी बांधलेली ती लाइन नाही. दिल्ली, हावडा, नागपूर, लखनौच्या गाड्या आणि मालगाड्या याच रुळांवरून जातात आणि त्यांच्या मधल्या फटीत आपली मेमू, म्हणजे छोट्या स्टेशनांवरही थांबणारी विजेवरची पॅसेंजर गाडी, बसवलेली असते. मागून एक्स्प्रेस येत असेल तर मेमूला एखाद्या छोट्या स्टेशनावर बाजूला घेतात. "गाडी साइडला टाकली" म्हणतात ते हेच. त्यामुळे वेळापत्रकातल्या वेळेवर दहा-वीस मिनिटं मनात धरूनच ऑफिसची वेळ ठरवा. मनमाड ते जळगाव या १६० किलोमीटरच्या टप्प्यात जादा लाइनचं काम हाती घेतलेलं आहे. ते पुरं झालं की हा त्रास कमी होईल अशी मला खरंच आशा आहे.

पाचोऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पीजे. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटरची अडीच फुटी रुळांवरची गाडी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत ती जायची. शंभर वर्षं तिने या भागातली माणसं, शाळकरी पोरं, भाजीची गाठोडी वाहिली. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता ती लाइन मोठ्या रुळांची करून पुढे बोदवडपर्यंत न्यायची योजना आहे, एकूण ८४ किलोमीटरची. माझ्या पहिल्या दिवसांत शेंदुर्णीच्या एक शिक्षिका पीजेने येऊन आमच्यासोबत मोठ्या गाडीत चढायच्या. आता तिकडची माणसं दुचाकीने येतात, म्हणून सकाळी स्टेशनबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडीची वेळ आठची असेल तर पार्किंगची वेळ पावणेआठची धरा.

२. कागदपत्रं

पास काढायला जाताना हे सोबत असू द्या:

- आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत आणि एक झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- सुट्टे पैसे
- विद्यार्थी असाल तर शाळा-कॉलेजकडून भरून, सही-शिक्का घेतलेला सवलतीचा अर्ज आणि बोनाफाइड

पासवर ज्या ओळखपत्राचा नंबर लिहिला जातो तेच ओळखपत्र रोज जवळ ठेवायचं. पास खरा असला तरी ओळखपत्र घरी राहिलं तर तपासनीसासमोर आपली बाजू पडते. दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट रोजच्या बॅगेतून कधी काढूच नका. लग्नाकार्याला बॅग बदलली की पास जुन्या बॅगेत राहतो, हे आमच्या गटात प्रत्येकीचं एकदा तरी झालं आहे.

विद्यार्थ्यांच्या आईवडिलांसाठी खास सांगते: मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा सेकंड क्लासचा मासिक पास मोफत मिळतो. कितीतरी घरांत हे माहीतच नसतं. भाडं परवडत नाही म्हणून अकरावीनंतर मुलीचं कॉलेज सोडवलेलं मी पाहिलं आहे आणि त्या घराला ही सवलत कुणी सांगितली नव्हती. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन अर्ज मागा. "आमच्याकडे नसतो" असं उत्तर आलं तर तिकीट खिडकीवर विचारून परत जा.

३. पास कोणता काढायचा

मासिक आणि त्रैमासिक असे दोन पास आपल्या कामाचे. तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. तरी पहिला महिना मासिकच काढा. गाडीची वेळ आणि ऑफिसची वेळ जुळते की नाही, हे एका महिन्यात कळतं. जुळलं तर पुढचा त्रैमासिक. पास दीडशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराचा मिळतो, त्यामुळे चाळीसगाव-जळगाव किंवा पाचोरा-भुसावळ सहज बसतं.

मोबाइलवर काढायचा असेल तर रेल्वेचं रेलवन ॲप आहे, ते जुलै २०२५ मध्ये आलं. सोय चांगली आहे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मोबाइलवर काढलेला पास त्याच दिवशी चालत नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. म्हणजे एक तारखेला रुजू व्हायचं असेल तर आदल्या दिवशीच काढा. दुसरं, पास ॲपमध्येच उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. तिसरं, फोन बंद पडला की तुम्ही विनातिकीट. संध्याकाळी फोनची बॅटरी दम तोडणाऱ्यांनी खिडकीवरचा कागदी पास काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. पास बहुतेक वेळा रविवारी किंवा सुट्टीत संपतो, आणि सोमवारी सकाळी खिडकीवर रांग लावायला वेळ नसतो.

४. पास कोणत्या गाडीत चालतो

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

साधा पास मेमू-पॅसेंजरमध्ये चालतो आणि मेल-एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चालतो. सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार लागतो आणि तो पासवर आधीच भरलेला असावा लागतो. सुपरफास्ट कोणती हे नावावरून नाही, नंबरावरून ओळखा. पाच आकडी नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू झाला तर सुपरफास्ट. ११ ने सुरू झाला तर साधी एक्स्प्रेस. महाराष्ट्र एक्स्प्रेसचा नंबर ११०३९ आणि ११०४०. कोल्हापूर ते गोंदिया एवढी लांब पल्ल्याची असूनही ती सुपरफास्ट नाही, पाचोऱ्याला थांबते, आणि म्हणूनच आपल्या भागातल्या पासधारकांची ती जुनी सोबतीण आहे. ६ ने सुरू होणारे नंबर मेमूचे. काही मेमूंना एक्स्प्रेसचा नंबर दिलेला आहे, तेव्हा डबा मेमूचा दिसला तरी नंबर बघायचाच. जुनी माणसं अजून 'देवळाली शटल' म्हणतात. तुम्हीही म्हणा, पण ॲपवर त्या नावाने शोधलंत तर सापडेलच असं नाही.

रोज एखादी सुपरफास्ट पकडावी लागणार असेल तर पास काढतानाच खिडकीवर सांगा, "सुपरफास्टचा लावून द्या." महिन्यातून एखाद्या वेळी लागणार असेल तर त्या दिवशी वेगळं तिकीट काढा. "कुणी बघत नाही" असं सांगणारे डब्यात भेटतील. बघतात. विनातिकीटचा दंड कमीत कमी २५० रुपये आणि वर भाडं.

५. परतीची गाडी : जळगावचा फलाट

सकाळचं सोपं असतं. पाचोऱ्याहून भुसावळकडे जाणारी जी गाडी थांबते, ती जळगावला नेते. खरी परीक्षा संध्याकाळी. जळगावला दोन वाटा फुटतात. एक पाचोरा, चाळीसगाव, मनमाडकडे, दुसरी पाळधी, धरणगाव, अमळनेर, नंदुरबारवरून सूरतकडे. ही ताप्ती खोऱ्याची लाइन साधारण १९०० सालची, चाळीसगाव-धुळे फाटाही त्याच सुमाराचा. भुसावळकडून येणारी गाडी जळगावला थांबली म्हणजे ती आपलीच असं नाही. "मुंबईला जाणारी" एवढं ऐकूनही चढू नका. खान्देश एक्स्प्रेस मुंबईचीच आहे, पण ती अमळनेर, नंदुरबार, सूरत अशी फिरून जाते. घाईत तिच्यात बसलेला पाचोऱ्याचा माणूस गिरणेचा पूल दिसला की जागा होतो, आणि तोवर पाळधी आलेलं असतं.

दुसरा सापळा जास्त महाग पडतो. लाइन आपलीच, पण गाडी पाचोऱ्याला थांबत नाही. माझं तेच झालं. पहिला महिना होता, डिसेंबर. ऑफिसातून उशिरा निघाले, नेहमीची गाडी गेलेली. फलाटावर मुंबईकडची गाडी उभी दिसली, जनरल डब्यात दारापाशी जागा होती, चढले. शिरसोली गेलं, म्हसावद गेलं. परधाडे गेल्यावर मी बॅग खांद्याला लावून दारात उभी राहिले. गाडीचा वेग कमी होईना. पाचोऱ्याच्या फलाटावरचे दिवे एकामागून एक सरकले, चहाच्या टपरीवर माणसं उभी होती, आमच्या गल्लीतले एक काका बाकावर बसलेले दिसले, आणि स्टेशन मागे गेलं. दारात उभ्या एका बाईने माझा दंड घट्ट धरून मला आत ओढलं. "ताई, उडी मारू नका हां," एवढंच बोलली. मी उडी मारणार नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. गाडी थांबली ती मनमाडला. पासचं अंतर संपलेलं, गाडी सुपरफास्ट, पर्समध्ये एकशेतीस रुपये. दंडाची रक्कम मी एका अनोळखी बाईंकडून उसनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मनीऑर्डर केली.

म्हणून हा क्रम मोडू नका:

- डब्यावरचा किंवा फलकावरचा नंबर बघा.
- ॲपवर त्या नंबराचे थांबे उघडा आणि त्यात पीसी आहे का ते बघा.
- शंका असेल तर फलाटावरच्या पासधारकाला विचारा, "भाऊ, पाचोऱ्याला थांबते ना?" आपल्याकडे माणसं नीट सांगतात.
- तरी खात्री नसेल तर गाडी सोडा. घरी तासभर उशीर झालेला चालतो.

जळगाव स्टेशनातून बाहेर पडलं की समोर नेहरू चौक, पुढे टॉवर चौक. त्या बाजूला ज्यांचं काम आहे त्यांनी रिक्षा न करता चालत जावं, गर्दीच्या वेळी पाय लवकर पोचतात. शिवाजीनगरकडे जायचं असेल तर उतरण्याआधीच कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते ठरवा. नाहीतर पुलाचा मोठा फेरा पडतो.

६. चढणं-उतरणं

पाचोऱ्याला बहुतेक गाड्या दोनेक मिनिटंच थांबतात. जनरल डबे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला असतात. फलाटाच्या मध्यभागी उभं राहून गाडी आल्यावर धावणं म्हणजे पडणं. महिलांची राखीव जागा पुष्कळ गाड्यांत गार्डाच्या डब्याला जोडून, शेवटी किंवा पुढे असते. पहिल्या आठवड्यात रोज बघा आणि आपली उभं राहायची जागा पक्की करा. मी बारा वर्षं एकाच खांबापाशी उभी राहते.

रूळ ओलांडू नका. पुलावरून जायला दोन-तीन मिनिटं लागतात हे मान्य, पण रूळ ओलांडल्याबद्दल हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दंडापेक्षा मोठी भीती जिवाची आहे. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच लाइनवर, माहेजी आणि परधाड्याच्या मध्ये, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. रोज त्या जागेवरून जाताना आमचा डबा अजून गप्प होतो. गाडी मध्येच थांबली तर आतच थांबा. उतरावंच लागलं तर दुसऱ्या रुळाच्या बाजूने कधीही उतरू नका, आधी दोन्ही दिशांना बघा आणि मुलांचा हात सोडू नका. काही विपरीत दिसलं तर १३९ वर फोन करा. महिलांनी छेडछाडीसाठीही हाच नंबर लक्षात ठेवावा.

७. डब्यातलं वागणं

आरक्षित डब्यात पास घेऊन शिरू नका. स्लीपरमध्ये गोरखपूरहून लेकरं घेऊन आलेली बाई एक रात्र आणि अर्धा दिवस बसून आलेली असते. तिला "जरा सरका, पाचोऱ्यापर्यंतच जायचंय" म्हणणं मला बरं वाटत नाही. ती जागा तिने पैसे देऊन घेतली आहे. जनरलमध्ये चौघांत पाचवा बसतो, ते चालतं. रुमाल टाकून सहा जणांची जागा अडवणं चालत नाही, मग तो गट कितीही जुना असो. तुम्ही नवीन आहात म्हणून उठवलं तर शांतपणे सांगा, "बसू द्या, मीही रोजचीच आहे." दोन आठवड्यांत तेच लोक तुमच्यासाठी जागा धरतील. आमच्या गटात तीन मुलींची लग्नं या ओळखीतून जमली आहेत आणि एकीच्या आजारपणात रक्तदातेही याच डब्याने दिले.

पासधारकाला सेकंड क्लासमध्ये दहा किलोपर्यंतच सामान मोफत नेता येतं. गव्हाचं पोतं घेऊन जायचं असेल तर एसटी बरी.

८. गाडी उशिरा कधी येते

हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं, अनुभवाने कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कसारा घाटात जोराचा पाऊस झाला की सकाळच्या डाऊन गाड्या कोलमडतात, कारण त्या तिकडूनच निघतात. अशा दिवशी घाटाच्या अलीकडून, देवळाली-इगतपुरीहून सुटणारी गाडी जास्त भरवशाची. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. उत्तरेत धुकं पडलं की तिकडून येणाऱ्या अप गाड्या चार-चार, सहा-सहा तास उशिरा येतात आणि आपली संध्याकाळ बिघडते. तेव्हा मेमू आणि भुसावळ-नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांवर भिस्त ठेवा. ब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लाइन बंद ठेवण्याची, बातमी शनिवारच्या पेपरात बघत जा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लोखंडी डबा तापतो. दोन लिटर पाणी, कांदा आणि डोक्याला सुती रुमाल, एवढं हवंच. जेवणाच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा न्यावा. वरण-भात दुपारपर्यंत आंबतो.

शेवटची एसटी जळगावहून पाचोऱ्याला किती वाजता सुटते ते नव्या बसस्थानकावर जाऊन स्वतः विचारा, ऐकीव वेळेवर राहू नका. गाडी रद्द झाल्याचं कळलं तर अर्ध्या तासाच्या आत एसटीचा निर्णय घ्या, कारण तो निर्णय फलाटावरचे दोनशे लोक एकाच वेळी घेतात. आणि पासच्या पाकिटात पाचशेची एक नोट वेगळी ठेवा, भाजीला नाही, रिक्षाला नाही. मनमाडच्या त्या रात्रीनंतर माझ्या पाकिटात फोटोच्या मागे ती घडी घालून ठेवलेली आहे.